मदत हवी आहे: देव्हारा नाही, पण हात जोडावेसे वाटतात

आई गेल्यावर देव्हारा बहिणीकडे गेला. माझी पूजाअर्चा तर केव्हाच सुटलेली. पण गेले ६-७ महिने पहाटे जाग येते, चहाचं आधण ठेवते आणि ते उकळेपर्यंत ओट्याशीच हात जोडून उभी राहते. कुणापुढे, ते सांगता येत नाही.

इगतपुरीला विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलंय. पहिले ३ दिवस नुसता श्वास, मग अंगावरच्या संवेदना. मन शांत झालं, खोटं कशाला बोलू. पण तिथे जप, प्रार्थना सगळं बाजूला ठेवावं लागतं आणि मला तर कुणाशी तरी बोलायचं असतं! मग पसायदान म्हणून पाहिलं. ९ ओव्या, मागणं विश्वात्मक देवाकडे, अमुक एका देवाकडे नाही, म्हणून जवळचं वाटतं. पण शाळेपासूनची घोकंपट्टी. तोंड चालू आणि डोक्यात दुधाचा हिशेब.

तुमच्यापैकी कुणी धर्मकर्म न मानता रोज प्रार्थना करतं का? स्वतःचे शब्द वापरता, की गप्प बसता? वहीत लिहिता? आणि घरच्यांना काय सांगता? आमचे हे विचारतात, "नमस्कार नक्की कुणाला, गॅसला का?"

गुरू, सत्संग, अ‍ॅप कृपया सुचवू नका.