शेतातला साखरपुडा, 300 माणसं, भरीत-पुरी: कचरा कमी कसा ठेवावा?

केळीबाग:
राम राम मंडळी. जानेवारीत भाच्याचा साखरपुडा आहे, यावल तालुक्यात, मळ्यातच. माणसं 300 धरलीत. भरीत, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, शेवभाजी, जिलेबी. आचारी म्हणतो, कागदी पत्रावळ्या आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या आणा, मोकळे व्हा. पण तो ढीग नंतर मळ्यातच जळणार. केळीची पानं घ्यावीत की भाड्याने स्टीलची ताटं? विहिरीला पाणी आहे, पण लाईट रात्रीची.

बांधावरून:
पानं घ्या, पण उभ्या बागेतली नकोत. घड पोसायला झाडाला आठ-दहा धड पानं लागतात. हौसेने कापलीत तर फटका रासेला, म्हणजे घडांच्या वजनाला बसतो. त्या आठवड्यात कापणी असलेली बाग गाठा. घड उतरला की ते झाड तसंही तोडायचंच असतं. मोठ्या पानाचे तीन तुकडे होतात, म्हणजे 300 ला 100 पानं. फाटकी धरून 125 सांगा. कडेच्या ओळींतली वाऱ्याने चिरलेली असतात, आतली घ्या. करप्याचे (पानावरच्या रोगाचे) ठिपके असलेलं किंवा नुकतीच फवारणी झालेलं पान ताटात नको.

थंडीत पान दुमडलं की शिरेवर तडकतं. आदल्या संध्याकाळी कापून ओल्या गोणपाटात ठेवा. सकाळी जाड शीर तासून पान विस्तवावरून भरभर फिरवलं की मऊ पडतं.

वाढपी:
भाऊ, शेवभाजीचा विचार केला का? रस्सा पानावरून थेट मांडीवर येतो. वाटी आणि पेला स्टीलचाच लागेल. आणि लोक उभ्याने जेवणार असतील तर पान विसराच, ते पंगतीचंच काम.

पंगत 100 ची ठेवली तर 200 ताटांत निभतं: एक पंगत जेवते, तोवर दुसरी ताटं धुऊन होतात. 60 लिटरचे तीन टब ओळीने मांडा: पहिल्यात नुसतं पाणी, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात चांगलं पाणी. दर 60 ताटांनंतर पहिला ओतून द्या, दुसऱ्याचं पाणी पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि तिसरा ताजा भरा. 300 ताटं सव्वाचारशे लिटरच्या आसपास निघतात. नळाखाली धुतली तर याच्या दुप्पट सहज. टाकी रात्रीच भरून ठेवा.

बिघडतं ते खरकट्यामुळे. टबाच्या आधी घमेलं ठेवून तिथे एक माणूस उभा करा. ताट न झटकता टबात पडलं की वीस ताटांतच पाण्याचं ताक होतं. वांगी भाजल्यावर पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) राख उरतेच, ती चाळून घासायला वापरा, साबण निम्मा लागतो.

कागदी पत्रावळीचं म्हणाल, तर तिच्यावरचा चकाकणारा थर प्लास्टिकचा. ती ना कुजत, ना धड जळत. प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटल्यांवर तर राज्यात 2018 पासून बंदी आहे, 1 जुलै 2022 पासून देशभर.

चुलीपाशी:
सगळे ताटावरच अडकलेत. जास्त वाया जातं ते पातेल्यातलं. माणशी 300 ग्रॅम कच्ची वांगी धरा, म्हणजे 90 किलो. पण भाजायची 75 च, 15 बाजूला. शेवटच्या पंगतीआधी अंदाज घ्या, लागली तर अर्ध्या तासात भाजून ठेचून होतात. नाही लागली तर कच्ची वांगी चार घरी वाटता येतात, उरलेलं भरीत मात्र संध्याकाळपर्यंत आंबतं. पुऱ्यांचंही तसंच, पीठ दोन-तीन वेळा भिजवा, एकदम नको.

शेवभाजीत शेव वाढायच्या वेळी, आणि बादलीपुरतीच. एकदा पातेल्यात पडली की फुगून लगदा होतो आणि उरलं ते सगळं फेकावं लागतं. नुसता रस्सा संध्याकाळी उकळून घरच्यांना चालतो.

उरल्या पुऱ्या-जिलेबी घमेलंभर एकाच गाईपुढे ओतू नका. पुण्य राहिलं बाजूला, जनावराचं पोट फुगतं. थोडं थोडं, बऱ्याच जनावरांत.

केळीबाग:
पानं + स्टीलची वाटी-पेला ठरवलं. मग धुवायला ताटं नाहीतच, पाणी आणखी वाचेल. पिण्याच्या पाण्याचं आणि उष्ट्या पानांचं सांगा.

बांधावरून:
थंडीत माणशी लिटरभर पुरे. 20 लिटरचे 15 जार, वर तीन जादा. थंड जार घेऊ नका, तांब्याने वाढा.

पानांना तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा आदल्या दिवशीच खणा, विहिरीपासून लांब. पान अख्खं टाकलं तर थर चिकटतात, आत हवा जात नाही आणि वास सुटतो; कोयत्याने तुकडे करा. ओल्याच्या दुप्पट वाळला पाचोळा, वर शेणकाला, मग माती. तेलकट रस्सा त्यात नको, रात्री कुत्री उकरतात. आणि हारांचा नायलॉनचा दोरा आधी काढून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी रोटाव्हेटरला गुंडाळलेला सापडेल.