मदत हवी आहे: मुळं बुरशीच्या विषाने खुंटली की माझ्याच ब्रॉथने?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात कृषी पदव्युत्तरला आहे. इथे सगळी मालदांडी ज्वारी, त्यामुळे भाताच्या रोगावर काम करते म्हटलं की लोक हसतात. भोरच्या मावशीने इंद्रायणी भाताची तपकिरी ठिपक्यांची पानं पेपरात गुंडाळून दिली, त्यातून बुरशी वेगळी केली: बायपोलारिस ओरायझी. (१९४३च्या बंगालच्या दुष्काळाआधी भाताचं पीक बुडवलं ते हेच दुखणं.)

ही बुरशी ओफिओबोलिन नावाचं विष सोडते. म्हणून बटाट्याच्या ब्रॉथमध्ये (बटाटा-साखरेच्या पोषक पाण्यात) बारा दिवस वाढवली, वरची बुरशीची साय काढली, खालचं कोऱ्या चहासारखं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं आणि त्यात भाताचं बी ठेवलं. पाचव्या दिवशी साध्या पाण्यातली मुळं बोटभर, यातली जेमतेम नखाएवढी, टोकं तांबूस. मी खूश!

हौस म्हणून मालदांडीही टाकली होती, तीही खुंटली. सरांनी एकच विचारलं, "कोऱ्या, बुरशी न वाढवलेल्या ब्रॉथमध्ये बी ठेवलंस का?" नव्हतं ठेवलं. मग ठेवलं, तर तिथेही मुळं आखूड. थोडी कमी, पण आखूडच.

आता यातलं विषाचं किती आणि ब्रॉथचं किती, हे कसं वेगळं काढू? आणि ज्वारी खुंटली म्हणजे सगळं ब्रॉथचंच समजायचं का? सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे.

प्रतिसाद:
ज्वारीवरून घाबरू नका. ओफिओबोलिन फक्त भातालाच धरत नाही, त्यामुळे ज्वारी खुंटणं त्याच्याशी जुळतं. पण तो पुरावा नाही. कोरा ब्रॉथ तेवढेच दिवस त्याच इनक्युबेटरमध्ये ठेवा, त्याचा आणि गाळलेल्या पाण्याचा सामू (pH) सारखा करा, मग दोन्ही दुप्पट, पाचपट, दहापट पातळ करून लावा. ब्रॉथचा त्रास कुठे संपतो ते दिसेल. त्यापुढेही गाळलेल्या पाण्यात मुळं खुंटली तर बुरशीने काहीतरी सोडलंय. ते ओफिओबोलिनच आहे असं मात्र लगेच लिहू नका. इथिल ॲसिटेट या द्रावकाने अर्क काढा, साखर पाण्यातच राहते. कोऱ्या ब्रॉथचाही तसाच अर्क हवा. आणि द्रावक पूर्ण उडवा, नाहीतर तोच मुळं मारेल आणि तुम्ही दुसरा धागा काढाल! वाट बरोबर आहे तुमची. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावांनी १९२६मध्ये बकानेच्या (भाताची रोपं अवाजवी उंच करणाऱ्या रोगाच्या) बुरशीचं नुसतं गाळलेलं पाणी देऊनच भाताची रोपं ताडमाड केली होती.

धागाकर्ती:
आत्ताच सामू मोजला. कोरा ५.१, गाळलेला ६.८. हे आधी बघायचं सुचलंच नाही. उद्या सकाळी बी भिजत घालते.