परदेशी जायचं ठरवताना सरकारी आरोग्यसेवेला किती वजन द्यावं?

पाऊलखुणा:
नवऱ्याला दोन देशांतून नोकरीचं बोलावणं आलंय, ब्रिटन आणि अमेरिका. अमेरिकेतला पगार जवळजवळ दुप्पट आहे. तरीही माझा कल ब्रिटनकडे आहे, आणि त्याला कारण एकच, आमची सहा वर्षांची मुलगी. तिला दमा आहे.

अमेरिकेत नोकरदारांचा विमा बहुतेक वेळा कंपनीकडूनच येतो, म्हणजे नोकरी गेली की विम्याचाही प्रश्न उभा राहतो. कोब्रा कायद्याने तोच विमा साधारण 18 महिने चालू ठेवता येतो हे मी वाचलंय, पण तेव्हा कंपनी भरत होती तो हिस्साही आपल्याच खिशातून जातो, आणि तोही नेमका पगार बंद असताना. त्यात एच-1बी व्हिसावर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, नोकरी सुटली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. त्या 60 दिवसांत मुलीला अटॅक आला तर? ब्रिटनमध्ये सेवा मिळते ती तिथे कायदेशीर राहता म्हणून. नोकरी बदलली तरी डॉक्टर तोच राहतो.

ती सेवा फुकट आहे असं मी समजत नाही. व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरायचा आहे, प्रौढाला वर्षाला 1,035 पौंड आणि मुलांना 776. आमच्या तिघांचे तीन वर्षांचे 8,538 पौंड होतात, तेही विमानात बसायच्या आधी. पगारातून कर कापला जाईल तो वेगळाच. एवढं भरूनही मला तो सौदा पटतो. तुमचं काय मत?

उंबरठा:
अजिबात पटला नाही. मी सात वर्षं इंग्लंडमध्ये राहिलोय, तेव्हा ऐकीव सांगत नाही. नाव नोंदवलं म्हणजे उपचार मिळाले, असं तिथे होत नाही.

माझ्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता. जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळवायची तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा. मी 7:59 ला बोट तयार ठेवून बसायचो, तरी रांगेत तिसावा नंबर, आणि माझी पाळी येईपर्यंत त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या. पुढे तज्ज्ञाकडे पाठवलं, एमआरआय झाला आणि मग नुसती वाट बघणं. ऑपरेशनला अकरा महिने लागले. तोवर एकेक पायरी कठडा धरून उतरत होतो. 92 टक्के रुग्णांवर 18 आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असा त्यांचाच दंडक आहे, आणि तो जवळजवळ दशकभर पाळला गेलेला नाही.

दुप्पट पगार घ्या, चांगला विमा घ्या, वर्षभराचा खर्च बाजूला टाका. माणूस तरुण आणि कमावता असताना सरकारी व्यवस्थेच्या नावावर निम्म्या पगारावर पाणी सोडणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

शेवंती:
उंबरठा, तुमचा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण गुडघा आणि श्वास एका तराजूत घालू नका. ती व्यवस्था आधी जिवावरचं बघते, बाकीचे थांबतात. ज्याला थांबावं लागतं त्याचे हाल होतात हे मान्य, पण पाऊलखुणा यांचा प्रश्न दम्याच्या मुलीचा आहे.

आमचा मुलगा चार वर्षांचा असताना रात्री एक वाजता त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. इमर्जन्सीत पोचलो. मी सवयीने पर्स उघडून काउंटरपाशी उभी. तिथल्या बाईंनी जन्मतारीख आणि पत्ता विचारला, बस्स. माझं बोलणं संपायच्या आत नर्सने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता. स्पेसरमधून, म्हणजे इनहेलरला जोडायच्या नळीतून, औषध, दर वीस मिनिटांनी तपासणी, पहाटे पाचला घरी. निघताना दम्याचा आराखडा लिहिलेला कागद हातात दिला, कुठल्या लक्षणाला किती पफ आणि कधी अँब्युलन्स बोलवायची ते सगळं त्यात. लहान मुलांच्या औषधांना पैसे पडत नाहीत. स्कॉटलंड, वेल्समध्ये तर मोठ्यांनाही पडत नाहीत.

आणि अमेरिकेतला ‘चांगला विमा’ म्हणजे काय तेही सांगा ना. आधी डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधीची ठरावीक रक्कम, स्वतः भरायचं, मग टक्केवारीतला आपला वाटा, आणि डॉक्टर त्यांच्या नेटवर्कमधला आहे का हे शोधत बसायचं. मूल धापा टाकत असताना आईच्या डोक्यात बिलाचा आकडा येऊ नये, एवढंच माझं मागणं आहे. त्यासाठी मी पगार सोडला आणि मला त्याची खंत नाही.

काजळरेघ:
तुम्ही सगळे नवरा-बायको-मुलं एवढंच कुटुंब धरून बोलताय. आईवडिलांचं काय? आमच्या घरात खरा पेच तिथेच पडला.

भेटीला आलेल्या आईला इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागात बघतात ते विनाशुल्क, पण वॉर्डात दाखल केलं की दीडपट दराने बिल. कॅनडात सुपर व्हिसावर आईवडील एका वेळी पाच वर्षं राहू शकतात, मात्र निदान 1,00,000 डॉलरचा खाजगी विमा दाखवावा लागतो, आणि वय व जुने आजार बघून त्याचा हप्ता चढत जातो. जर्मनीच्या सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता बसतात, आईवडील नाही. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालं तरी तिथे कधीच काम न केलेल्या पासष्टीच्या आईला मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घ्यायलासुद्धा सलग पाच वर्षं राहावं लागतं.

म्हणून ‘तिथली सेवा चांगली का वाईट’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. घरातल्या कोणाला, कोणत्या व्हिसावर, कितव्या दिवसापासून, असं विचारा. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकेअरचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, कौतुक ऐकून आम्ही अर्ज करायला निघालो होतो. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना ती एरवी मिळत नाही, ज्या अकरा देशांशी त्यांचा करार आहे त्यांच्याच नागरिकांना काही सेवा मिळतात, हे फार उशिरा कळलं.

उंबरठा:
काजळरेघ यांनी माझंच म्हणणं पुढे नेलं. आईवडिलांचा खर्च शेवटी खिशातूनच होणार असेल, तर खिसा मोठा हवा. पुन्हा पगारावरच आलो की नाही?

शेवंती:
नाही आलो. वाढीव पगारावर एक हॉस्पिटलचं बिल निघेलही, दुसऱ्या बिलाच्या वेळी काय?

काजळरेघ:
पाऊलखुणा, आणखी एक. पुढेमागे तिसऱ्या देशाचा विचार केलात तर वैद्यकीय तपासणीचे नियम आधी वाचा. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया अर्जदाराच्या आजाराचा सरकारी तिजोरीवर किती भार पडेल ते मोजतात. ऑस्ट्रेलियात बहुतेक कायमच्या व्हिशांना घरातला एक जण नापास झाला की सगळ्यांचा अर्ज अडतो. आटोक्यातल्या दम्याने सहसा अडू नये, पण जुने कागद, इनहेलरच्या चिठ्ठ्या, सगळं नीट लावून ठेवा आणि काही लपवू नका.

पाऊलखुणा:
सगळ्यांचे आभार. काल रात्री हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो अजून अमेरिकेच्याच बाजूने आहे. त्या कंपनीला आम्ही आज लिहितोय: विमा पहिल्या दिवसापासून लागू आहे का, डिडक्टिबल किती, वर्षाला आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, आणि मुलीचं रोजचं इनहेलर त्यांच्या औषधांच्या यादीत आहे का. ब्रिटनच्या कंपनीला विचारलंय, अधिभार ते भरतील का. सासूबाईंचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. त्या पलीकडच्या खोलीत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. आज संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून बोलणार आहोत.