सूर्य वायूचा असेल, तर त्याला थर आणि रेखीव कड कशी?

गंगापूर_रोडकर (प्रश्न)
नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी मुले थर्माकोलचा कापलेला सूर्य तयार करीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, सूर्यात घन असे काहीच नसेल तर हे थर वेगळे कसे राहतात, आणि ग्रहणाच्या चष्म्यातून त्याची कड इतकी रेखीव का दिसते? केवळ व्याख्या सांगून तिचे समाधान होणार नाही.

अवकाशवेध
थर म्हटले की आपल्याकडे कांद्याचे पापुद्रे डोळ्यांसमोर येतात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. सूर्यात सर्वत्र मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमच आहेत (गाभ्यात हेलियमचे प्रमाण वाढत गेले आहे, हे खरे). आतल्या सीमा ठरतात त्या ऊर्जा कोठे निर्माण होते आणि पुढे कशी वाहते यावरून. त्रिज्येच्या साधारण पहिल्या पाव भागात, सुमारे १.५ कोटी अंश तापमानाला, हायड्रोजनचे संमीलन होते, म्हणजे त्याची अणुकेंद्रे जुळून हेलियम बनते, तो गाभा. तेथून सुमारे ७० टक्के त्रिज्येपर्यंत ऊर्जा प्रारणाने, म्हणजे प्रकाशकिरणांच्या रूपात, पुन्हापुन्हा शोषली आणि उत्सर्जित होत, हजारो वर्षे रेंगाळत बाहेर सरकते. त्यापलीकडे तापमान सुमारे २० लाख अंशांपर्यंत उतरल्यामुळे जड मूलद्रव्यांची अणुकेंद्रे काही इलेक्ट्रॉन धरून ठेवू लागतात, द्रव्य अधिक अपारदर्शक होते आणि एकट्या प्रारणाला ऊर्जा पेलवेनाशी झाल्यावर तप्त वायूच वर उसळू लागतो. हाच संवहन विभाग.

पंचवटी_७७
कडेविषयी: दीप्तिगोलातील, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या सूर्याच्या पृष्ठभागाच्या थरातील, प्रकाश मुख्यतः एक जादा इलेक्ट्रॉन धरलेले हायड्रोजनचे अणू अडवतात, आणि वर जाताना त्यांची संख्या इतक्या झपाट्याने घटते की जेमतेम ५०० किलोमीटरमध्ये अपारदर्शक वायू पारदर्शक होतो. सूर्याची त्रिज्या सुमारे ६,९६,००० किलोमीटर आणि आपले अंतर १५ कोटी किलोमीटर असल्यामुळे तेवढा धूसरपणा डोळ्याला कळणे शक्यच नाही. ७० सेंटिमीटर त्रिज्येच्या प्रतिकृतीत हा थर अर्धा मिलिमीटर भरेल.

गंगापूर_रोडकर
मनःपूर्वक आभार. परंतु आतली ७० टक्क्यांची सीमा कोणी पाहिली?

अवकाशवेध
पाहिली नाही, ऐकली म्हणावे लागेल. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली हलतो, हे १९६० च्या दशकारंभी लक्षात आले. आत घुमणाऱ्या ध्वनिलहरींचा तो परिणाम. त्या लहरींवरून ध्वनीचा वेग खोलीनुसार कसा बदलतो हे काढता येते आणि संवहन विभागाच्या तळाशी त्या आलेखाला स्पष्ट वळण दिसते. अशा अखंड निरीक्षणांसाठी जगभर उभारलेल्या सहा केंद्रांपैकी एक आपल्या उदयपूरला आहे. गाभ्याची साक्ष मात्र न्यूट्रिनो, म्हणजे संमीलनात निर्माण होणारे आणि द्रव्यातून जवळजवळ न अडता जाणारे सूक्ष्म कण, देतात. ते सूर्यातून दोन-तीन सेकंदांत बाहेर पडतात.

पंचवटी_७७
एक सूचना: किरीटाला, म्हणजे करोनाला (सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ वातावरणाला), थर्माकोलचा पट्टा देऊ नये. त्याला बाहेरची ठरावीक कड नाही, तो सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्यापासून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतात, मिसळत जातो; दीप्तिगोल सुमारे ५,५०० अंशांचा असताना किरीट दहा लाख अंशांहून तप्त का, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. आदित्य-एल१ या भारताच्या सूर्य-निरीक्षक यानावरील एक उपकरण त्याचाच अभ्यास करते. त्याच यानावरील, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेमध्ये विकसित झालेली दुर्बीण दीप्तिगोल आणि त्याच्या लगतचा वरचा थर वर्णगोल यांची अतिनील छायाचित्रे घेते; ती मुलांना अवश्य दाखवावीत.