केंड्रिक लमारचा ‘मिस्टर मोराल’ अल्बम: कबुलीजबाबाला किती गुण द्यायचे?

रात्रपाळी (धाग्याची सुरुवात)

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’ हा अल्बम १३ मे २०२२ रोजी आला आणि पहिल्या काही दिवसांतच बहुतेक समीक्षकांनी त्याला धाडसी, प्रामाणिक, अंतर्मुख अशी विशेषणे बहाल केली. तो प्रामाणिक आहे हे मलाही मान्य आहे. प्रामाणिकपणा हा कलाकृतीचा गुण म्हणून किती धरायचा, एवढ्याच मुद्द्यावर मला चर्चा करायची आहे.

ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. यापूर्वीचा ‘डॅम’ २०१७ च्या एप्रिलमध्ये आला होता आणि पुढच्या वर्षी त्याला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तोवर शास्त्रीय आणि जॅझ संगीताबाहेरच्या कोणालाही ते मिळालेले नव्हते. ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’च्या पहिल्याच गाण्यात केंड्रिक मधल्या काळाचा हिशेब १,८५५ दिवस असा देतो. या काळात तो दोन मुलांचा बाप झाला, मानसोपचार घेऊ लागला, आणि ते सारे नऊ-नऊ गाण्यांच्या दोन भागांत त्याने आपल्यासमोर मांडले आहे. वडिलांचा कडकपणा, लैंगिक आसक्ती, जोडीदार व्हिटनी हिच्याशी केलेली प्रतारणा, आईच्या आयुष्यातला अत्याचार, नातेवाइकांतल्या पारलिंगी व्यक्तींशी आपण कसे वागलो याची आठवण, यातले काहीही त्याने झाकलेले नाही.

माझी अडचण इथूनच सुरू होते. ऐकणारा जी हरकत घेईल ती गायकाने आधीच कबूल करून ठेवलेली असते, त्यामुळे टीका करणारा पहिल्या वाक्यालाच निःशस्त्र होतो. ‘क्राउन’मध्ये सगळ्यांना खूश ठेवणे मला शक्य नाही हे एकच वाक्य तो इतक्या वेळा घोळवतो की गाणे पुढे सरकतच नाही, आणि तरीही ‘हा त्याचा थकवा आहे’ असे म्हणून आपण ते पदरात घेतो. हाच प्रकार कोडॅक ब्लॅकच्या बाबतीत दिसतो. २०१६ मधल्या एका प्रकरणात अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेल्या आणि २०२१ मध्ये मारहाणीचा त्याहून सौम्य गुन्हा कबूल करून परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) सुटलेल्या या रॅपरला अल्बममध्ये वारंवार जागा दिली आहे, आणि त्याच अल्बमच्या शेवटाकडे, ‘मदर आय सोबर’मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी आपल्याला रडवले आहे. ही विसंगती आहे, आणि ‘मी विसंगत आहे’ असे सांगितल्याने ती नाहीशी होत नाही.

ठेका

तुम्ही गाणी एकेकटी काढून तपासत आहात, म्हणून हे मत झाले असावे. हा अल्बम क्रमाने ऐकण्यासाठीच रचलेला आहे. पायातल्या टॅप नृत्याचा आवाज त्यात अधूनमधून येतो आणि ‘वी क्राय टुगेदर’च्या अखेरीस व्हिटनी सांगते की विषयाभोवती हे नाचणे आता थांबवा. विषय टाळणाऱ्या माणसाची पावले म्हणजेच तो आवाज, हे तिथे उघड होते. म्हणजे पहिल्या भागात जे काही उथळ, बढाईखोर किंवा अपुरे वाटते ते अपुरेच ठेवलेले आहे, कारण तिथवर बोलणारा माणूस अजून टाळाटाळच करत असतो. कबुली देऊन टीका आधीच थोपवली आहे असे तुम्ही म्हणता, पण खरी कबुली तब्बल सतराव्या गाण्यात येते. तोवर त्याने स्वतःला ऐकणाऱ्याच्या नजरेतून बराच उतरू दिलेले असते.

‘वी क्राय टुगेदर’कडे मी केवळ कारागिरी म्हणून बोट दाखवीन. अभिनेत्री टेलर पेज आणि केंड्रिक जवळजवळ सहा मिनिटे एकमेकांना शिव्याशाप देतात, आणि ते खरेखुरे भांडण वाटत असताना एकूण एक ओळ यमकात आणि संगीत-निर्माता अल्केमिस्टच्या ठेक्यात बसलेली असते. श्वास कुठे घ्यायचा, समोरच्याचे वाक्य कुठे तोडायचे, आवाज नेमका कोणत्या मात्रेवर चढवायचा हे ज्यांनी कधी ठेक्यावर शब्द बसवून पाहिले असतील त्यांना हे किती अवघड आहे ते कळेल. याला नुसता प्रामाणिकपणा म्हणता येणार नाही.

त्याच गाण्यात ती त्याला ऐकवते की लैंगिक अत्याचारांबद्दल दोषी ठरलेल्या गायक आर. केलीला स्वतःचा अत्याचार ओळखू येत नाही तो तुझ्यासारख्यांमुळे, त्यावर तो उलट म्हणतो की त्याची गाणी तर तू अजूनही लावतेस. ‘मिस्टर मोराल’ या गाण्यात पुन्हा त्याच केलीचा विषय निघतो: लहानपणी त्याच्यावरच अत्याचार झाला नसता तर तो कसा झाला असता? आणि त्याला अगदी लागून ‘मदर आय सोबर’ येते. ज्याच्यावर अत्याचार झाला तो पुढे अत्याचारी का होतो, या प्रश्नाभोवती दुसरा भाग उभा आहे, आणि कोडॅक ब्लॅकची उपस्थिती हा त्या प्रश्नाचाच अस्वस्थ करणारा भाग आहे. तो नसता तर अल्बम ऐकायला सोपा झाला असता, आणि खोटा.

लोकल ९.१२

एवढी चर्चा वाचल्यावर सामान्य श्रोत्याचे मत नोंदवतो. त्र्याहत्तर मिनिटांपैकी ‘एन ९५’, ‘फादर टाइम’ आणि ‘डाय हार्ड’ एवढीच गाणी मी पुन्हा लावली. ‘फादर टाइम’मधला सॅम्फाचा आवाज अप्रतिम आहे. बाकीच्या अल्बमबद्दल मला आदर वाटतो, पण आदर वाटणारी गोष्ट प्रवासात कोणी ऐकत नाही. ‘ऑलराइट’ हे केंड्रिकचेच २०१५ मधले गाणे अमेरिकेतल्या निदर्शनांत रस्त्यावर म्हटले गेले होते. या अल्बममधले एकही गाणे तसे चारचौघांत म्हणता येणार नाही.

ठेका

तसे म्हणता येऊ नये हाच त्याचा हेतू आहे. ‘सेव्हियर’ ऐका. मी तुम्हाला विचार करायला लावले असेल, पण मी तुमचा तारणहार नाही, असे तो तिथे स्वतःचे नाव घेऊन सांगतो, आणि रॅपर जे. कोल व फ्यूचर आणि बास्केटबॉलपटू लब्राँ जेम्स यांनाही त्याच यादीत बसवतो.

मधली सुट्टी

दोन्ही बाजूंनी चांगले लिहिले आहे, पण दोघेही एकाच माणसाविषयी बोलत आहात. हा कबुलीजबाब ज्या बाईसमोर द्यायचा, ती या अल्बममध्ये कुठे आहे?

मराठी वाचकाला हा प्रश्न अनोळखी नसावा. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले तेव्हा घरातले आणि वस्तीतले उघड्यावर मांडल्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांकडून बोल ऐकावे लागले होते. त्या आत्मकथनात लेखकाने स्वतःलाही सोडले नव्हते, आणि आजही ते वाचताना त्या निर्भीडपणाचा दबदबा वाटतो. पण १९८४ मध्ये मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहिले तेव्हा वेगळेच काही घडले. ज्या नामदेव ढसाळांना कवी म्हणून आणि दलित पँथरचे नेते म्हणून महाराष्ट्राने डोक्यावर घेतले होते, त्यांचे घर त्यांच्या पत्नीने स्वतःच्या शब्दांत दाखवले. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत ज्या संघटनेने नाव घेतले, तिच्या संदर्भात हे घडले म्हणून ते मला इथे आठवले. पुरुषाने आपण होऊन दिलेली कबुली आणि बाईने मांडलेली हकीकत यांचे वजन सारखे नसते, कारण काय सांगायचे, किती सांगायचे आणि कुठे थांबायचे हे पहिल्या प्रकारात त्याच्याच हाती राहते.

या अल्बममध्ये व्हिटनीचा आवाज आहे हे खरे. ती सूचना करते, ‘फादर टाइम’च्या सुरुवातीला त्याला उपचार घ्यायला सांगते, आणि ‘मदर आय सोबर’च्या शेवटी तू पिढीजात शाप मोडलास, तुझा अभिमान वाटतो, असे म्हणते. म्हणजे प्रतारणा ज्याने केली त्याच्याच अल्बममध्ये, तिनेच त्याला उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र द्यायचे! त्या पियानोच्या सुरांनंतर आणि गायिका बेथ गिबन्सच्या आवाजानंतर आल्यावर ते अतिशय हृद्य वाटते, याबद्दल शंका नाही. पण तिचा राग कुठे आहे? राग टेलर पेजला दिला आहे, आणि क्षमा व्हिटनीला. ही वाटणी कोणी केली, याचा विचार समीक्षकांनी करायला हवा होता.

ठेका

हा आक्षेप मला रात्रपाळी यांच्या आक्षेपापेक्षा जड वाटतो. तरी एक सांगावेसे वाटते: व्हिटनीने स्वतःचा राग जगासमोर मांडायलाच हवा अशी अपेक्षा ठेवणे हीदेखील तिच्यावर सक्तीच नाही का? मल्लिकाबाईंनी लिहायचे ठरवले, तसे व्हिटनीने इतकेच बोलायचे ठरवले असू शकते.

मधली सुट्टी

असू शकते, आणि तिने बोललेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. शेवटचा शब्द तिच्या तोंडी घालून प्रकरण मिटवू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. शाप मोडला की नाही हे एका गाण्याच्या अखेरीस ठरत नसते.

तिरकी रेघ

‘आंटी डायरीज’वर अद्याप कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण सर्वांत कडाक्याचा वाद त्यावरच झाला. लहानपणी जिला मावशी म्हणत होतो ती व्यक्ती पुरुष म्हणून जगते, आणि पुढे एक भावंड मुलगी म्हणून जगू लागते, हे त्या गाण्यातले कथानक. समलिंगी पुरुषांसाठी वापरली जाणारी शिवी त्यात पुन्हा पुन्हा येते आणि पारलिंगी नातेवाइकांचा उल्लेख कधी जुन्या नावाने, कधी चुकीच्या लिंगाने होतो. अनेक पारलिंगी श्रोत्यांना ते दुखावणारे वाटले, आणि ते योग्यच आहे: सुधारला गायक, आणि त्या शिकवणीचा खर्च भरला त्यांनी.

असे असूनही मी या गाण्याच्या बाजूने आहे. मुलाच्या तोंडी ती शिवी अजाणतेपणी येते, नंतर ती सवयीची होते, आणि चर्चमध्ये धर्मोपदेशक त्या भावंडाविषयी बोलू लागतो तेव्हा निवेदकाला कोणाची तरी बाजू घ्यावीच लागते. तिथे तो माणुसकी निवडतो. २०१८ मध्ये मंचावर बोलावलेल्या एका गोऱ्या मुलीने त्याच्याच गाण्यातला कृष्णवर्णीयांसाठीचा अपशब्द म्हटला तेव्हा केंड्रिकने तिला थांबवले होते. गाण्याच्या शेवटी तोच प्रसंग त्याच्यावर उलटवला जातो. तो शब्द तिला म्हणू देणार असशील तर ही शिवी तूही म्हण, असा तो हिशेब आहे. इथे कबुली देऊन तो मोकळा होत नाही, उलट स्वतःच्या नियमात पकडला जातो. मुख्य प्रवाहातल्या दुसऱ्या कोणत्याही रॅपरने इतक्या मोठ्या अल्बममध्ये हा विषय अशा तऱ्हेने घेतल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

रात्रपाळी

तिरकी रेघ यांनी दाखवलेला फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे माझा मुद्दा अधिक नेमका मांडता येतो. ‘आंटी डायरीज’मध्ये दुसरे कोणीतरी येऊन केंड्रिकला अडवते. कोडॅक ब्लॅकच्या बाबतीत असे अडवणारे कोणीही नाही. ज्या मुलीने तक्रार केली तिच्या बाजूचा एक शब्दही त्र्याहत्तर मिनिटांत कुठे नाही. अत्याचारी कसा घडतो हा प्रश्न विचारायचा असेल तर अवश्य विचारावा, पण मग दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी आहे हे निदान दिसू तरी द्यावे.

आणि तारणहार होण्यास नकार देण्याविषयी बोलायचे, तर मुखपृष्ठावर डोक्यात काट्यांचा मुकुट घालून उभा राहिलेला माणूस ‘माझ्याकडे त्या नजरेने पाहू नका’ असे म्हणतो तेव्हा मला ते पटत नाही.

ठेका

त्याच छायाचित्रात त्याच्या कडेवर मुलगी आहे, कमरेला पिस्तूल खोचलेले आहे आणि मागे पलंगावर व्हिटनी तान्ह्या बाळाला घेऊन बसली आहे. मुकुटाइतकेच पिस्तूलही मोजा. रिकाम्या खुर्चीविषयी मात्र तुमच्याशी माझा मतभेद कमी आहे. कोडॅकला अल्बमबाहेर ठेवायला हवे होते असे मी अजूनही म्हणणार नाही, पण ‘सायलेंट हिल’मध्ये त्याला पूर्ण कडवे देताना केंड्रिकने त्याच्याशी ‘वी क्राय टुगेदर’सारखे दोन हात केले असते, तर दुसरा भाग कितीतरी ताकदीचा झाला असता.

लोकल ९.१२

‘सायलेंट हिल’ तसेही मी पुढे ढकलतो. ‘मदर आय सोबर’ मात्र आज पुन्हा लावणार आहे, मधली सुट्टी यांचा आक्षेप डोक्यात ठेवून.