मदत हवी आहे : मॉडेल रेल्वेचे १:२९ चे आखूड डबे लांब करायचे आहेत

नमस्कार मंडळी. ४५ मिमी अंतराच्या रुळांवरचे माझे अमेरिकन प्रवासी डबे १:२९ प्रमाणातले आहेत. मूळ डबा ८५ फुटी, म्हणजे मॉडेल ८९ सेंमीच्या आसपास हवं. माझे जेमतेम ७० भरतात. रुंदी-उंची बरोबर असल्याने ते ढब्बू दिसतात, फार खटकतं.

दोन डबे खिडक्यांमधल्या पट्टीवर कापून एक करायचा विचार आहे. सांध्याला आतून पितळी पट्टी पुरेल का? छताची जास्त काळजी वाटते, मागे उन्हात प्लास्टिक फुगून माझा एक जोड उघडला होता.

शिवाय बोगींमधलं (म्हणजे डब्याखालच्या दोन चाकगाड्यांमधलं) अंतर ६२ सेंमी झालं, तर दीड मीटर त्रिज्येच्या वळणावर डब्याचा मधला भाग तीन सेंमीहून जास्त आत सरकतो. कुणी केलं असेल तर बोगीची जागा कशी ठरवलीत?