छापील कृतिपत्रिकांनी मुलांना रंग कळतात का?

नीलमोहर
परवा या चर्चामंचावर एका सदस्येने लिहिले की तीन वर्षांच्या मुलाकडून रंगांच्या छापील कृतिपत्रिका रोज दोन याप्रमाणे भरून घेतल्या तर महिन्याभरात त्याला दहा रंग पक्के येतात, आणि जे पालक हे करत नाहीत ते मुलांचे नुकसान करतात. हे दुसरे विधान मला इतके लागले की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. मी अठरा वर्षे बालवाडीत शिकवते आहे. सफरचंदाच्या चित्रावर मूल लाल खडू फिरवते तेव्हा त्याने लाल ओळखलेला असतोच असे नाही. पुष्कळदा त्याने शेजारच्याचे पाहिलेले असते. मिरचीचा, कुंकवाचा आणि एसटीचा लाल वेगवेगळा दिसत असूनही त्यांना एकच नाव लागते, हे ध्यानात येणे म्हणजे रंग कळणे. माँटेसरींच्या रंगपाट्यांच्या पहिल्या पेटीत केवळ लाल, पिवळा आणि निळा यांच्या जोड्या असतात. तिसऱ्या पेटीतल्या नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा मूल गडद ते फिकट अशा लावते. तेथे नावाआधी नजर तयार होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंचीच साधने केली. हे सारे आपल्याकडे असताना आपण मुलाला खुर्चीत बसवून कागद का भरून घ्यावेत?

चांदणी
नीलमोहरताई, ते लिहिणारी मीच. आपल्याकडे अंगण, बिया आणि सकाळचे तीन तास आहेत. माझ्याकडे सहाव्या मजल्यावरचे घर आणि संध्याकाळी साडेसातनंतरचा अर्धा तास आहे. त्या वेळात मुलीच्या हाती मोबाइल न देता मी तिच्यासमोर कागद ठेवते. शिवाय आम्ही पाने केवळ रंगवत नाही, छापलेल्या वर्तुळांवर त्या-त्या रंगाची बटणे ठेवतो, घोटीव कागदाचे कपटे चिकटवतो. हिरवा आणि निळा यांतला तिचा गोंधळ तीन आठवड्यांत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शाईवाला
माझे छपाईचे दुकान आहे, म्हणून एक सांगतो. मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो, तर कागदावर सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शाया चढतात; त्यामुळे पडद्यावरचा झळझळीत निळा छापल्यावर अनेकदा जांभळट उतरतो. मूल त्याला जांभळा म्हणते आणि आई त्याला चूक ठरवते, हे मी दुकानात ऐकले आहे. बरोबर मूलच असते. नुसत्या रेघांचे पान घ्यावे आणि रंग खडूचा असू द्यावा.

कुसुंबी
कृतिपत्रिकांची भाषा मात्र कोणी पाहत नाही. इंग्रजीत रंगाचे नाव बदलत नाही, म्हणून तिथून उतरवलेल्या पानांवर गाडी, फूल, फुगा या सर्वांखाली 'निळा' छापलेले असते, आणि माझा भाचा 'निळा गाडी' म्हणू लागला आहे. मराठीत फुगा निळा, गाडी निळी आणि फूल निळे; लाल मात्र सगळीकडे लाल. जांभळ्या रंगासाठी द्राक्षांचा घड काढतात! ज्या भाषेत रंगाचे नावच जांभळावरून आले आहे, तिथे जीभ जांभळी करून आलेल्या मुलाला द्राक्षे कशासाठी दाखवायची? अबोली, डाळिंबी, मोरपंखी, पोपटी ही नावे आपण डोळ्यांदेखत घालवतो आहोत.

चांदणी
विषय रंगांचा आहे, व्याकरणाचा नाही. या वयात मुले लिंगाच्या चुका करतातच, त्या कागदावरून येत नाहीत. माझी मुलगी 'पर्पल' म्हणते म्हणून मी भाषा घालवते आहे, हे ऐकून घेण्याची माझी तयारी नाही.

पंचगंगा
व्याकरणाचाही आहे. आजी 'तांबडा' म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. पहिलीत बाईंनी ते खोडून 'लाल' लिहायला लावले, आणि घरची भाषा चुकीची असते हे मी त्या दिवशी शिकलो. आम्हा कोल्हापूरकरांची मुले तांबडा आणि पांढरा ताटातल्या रश्श्यांवरूनच शिकतात. मानसशास्त्रज्ञ मायकेल रॅमस्कर आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात 'लाल फुगा' यापेक्षा 'फुगा लाल आहे', अशी वस्तू आधी सांगितली तर लहान मुलांना रंग अधिक चांगले कळतात, असे आढळले होते.

कुसुंबी
तो अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा आहे. 'गाडी निळी आहे' म्हणताना आपल्या मुलाला रंगासोबत लिंगही ऐकू येते, तेव्हा तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावणे मला मान्य नाही. चांदणी, आपल्या मुलीबद्दल मी एक शब्दही काढला नव्हता.

रानवारा
तुमचे भाषेचे भांडण थोडे थांबवा. माझा मुलगा टोमॅटो लाल, पान हिरवे, केळे पिवळे असे सगळे अचूक सांगत असे, कारण वस्तू ओळखली की रंग त्याला पाठ होता. खडूवरच्या कागदावरचे नाव पाहून तो खडू उचलत असे, हे आम्हाला फार उशिरा कळले. शाळेने त्याच्या वहीत दोन वर्षे 'लक्ष देत नाही' असा शेरा दिला. शेवटी नुसत्या वर्तुळांच्या एका छापील पानावर त्याने तपकिरी आणि हिरवा एकाच गटात लावले, तेव्हा आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो आणि त्यांनी ठिपक्यांच्या इशिहारा पाट्या दाखवून लाल-हिरव्या रंगांचे रंगांधत्व असल्याचे सांगितले. हा दोष एक्स गुणसूत्रावरून आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मुलग्यांत अधिक आढळतो. त्याच्या आईच्या वडिलांनाही तो होता, हे तेव्हा उमगले. नीलमोहरताई, आपल्या बिया आणि पानांनी हे कधीच उघड झाले नसते.

नीलमोहर
वस्तू उत्तर सुचवते आणि कोरे वर्तुळ सुचवत नाही, हे मला मान्य करावेच लागेल. अठरा वर्षांत माझ्या वर्गातून असे कोण सुटले असेल, या विचाराने मी काल रात्री अस्वस्थ होते. येत्या जूनमध्ये प्रत्येक मुलासमोर असे एक पान ठेवीन. रोज दोन मात्र नाहीत.

चांदणी
'नुकसान करतात' हे शब्द मी मागे घेते, पाने मागे घेणार नाही. कुसुंबी, 'निळी गाडी' असे छापलेले पान आपल्याकडे असल्यास पाठवा. द्राक्षांच्या जागी जांभळे मी हाताने काढीन.